मल्टिपल स्क्लेरोसिस बायकांना जास्त का? गोंदियातून घेतलेला आढावा

एखादा आजार बायकांना जास्त होतो, हे वाक्य ऐकायला सरळ वाटतं. प्रत्यक्षात त्यात तीन वेगळे प्रश्न एका गाठोड्यात बांधलेले असतात. बाईच्या शरीरातच त्या आजाराला पोषक असं काही आहे का? तिचं जगणं तिला त्या आजाराच्या वाटेवर जास्त नेतं का? आणि तिसरा, सहसा न विचारला जाणारा प्रश्न: दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये नाव कोणाचं चढतं आणि कोणाचं चढतच नाही? मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, या मज्जासंस्थेच्या आजाराबाबत पहिल्या दोन प्रश्नांवर जगभर भरपूर काम झालं आहे. तिसऱ्या प्रश्नासाठी मात्र गोंदियासारखा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला, आठ तालुक्यांचा हा धानाचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १३,२२,५०७ होती आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या ९९९. त्या वेळी राज्याचं सरासरी प्रमाण ९२९ होतं. म्हणजे लोकसंख्येत बायका-पुरुष जवळजवळ बरोबरीने आहेत. म्हणून इथल्या कुठल्याही आजाराच्या यादीत एक बाजू जड दिसली, तर त्याचं कारण लोकसंख्येत सापडणार नाही. ते शरीरात, जगण्यात किंवा दवाखान्याच्या वाटेवर शोधावं लागेल.

आजाराचं स्वरूप

मेंदू, पाठीचा मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांतल्या तंतूंवर मायेलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. एमएसमध्ये शरीराची स्वतःची रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर उलटते आणि ते जागोजागी खरवडून काढते. बांधीचा धुरा फुटला की पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचत नाही. तसा मेंदूचा निरोप वाटेतच क्षीण होतो. धुरा कुठे फुटला त्यावर लक्षण ठरतं. कुणाला एका डोळ्याने अंधुक दिसतं आणि डोळा फिरवताना दुखतं. कुणाचे पाय जड होतात, कुणाला कमरेखाली बधिरपणा येतो, कुणाचा तोल जातो, कुणाला लघवी आवरत नाही. मान पुढे वाकवली की पाठीतून करंट उतरल्यासारखं वाटणं, हेही एक नेहमीचं लक्षण. बहुतेकांना हा त्रास झटक्यांनी येतो. काही दिवस किंवा आठवडे राहतो, ओसरतो, आणि महिन्यांनी किंवा वर्षांनी शरीराच्या दुसऱ्याच भागात उगवतो. सुरुवात बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते.

१८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तें शार्को यांनी या आजाराची नीट मांडणी केली. हेच शार्को पुढे हिस्टेरियावरच्या कामासाठी प्रसिद्ध झाले. हा योगायोग या विषयाला लागू आहे. बधिरपणा, अंधुक दृष्टी, मध्येच पाय न उचलणं, आठवड्यांनी सगळं ठीक होणं ही लक्षणं तरुण बाईत दिसली की पुढची कित्येक दशकं तिला हिस्टेरियाचं लेबल लागण्याची शक्यता मोठी होती. जागतिक पाहणीनुसार २०२० मध्ये जगात सुमारे २८ लाख लोक एमएससह जगत होते आणि त्यांत बायका पुरुषांच्या दुपटीहून अधिक होत्या.

प्रमाण बदलत गेलं

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अनेक रुग्णमालिकांत स्त्री-पुरुष जवळपास सारखेच दिसतात. आज युरोप-अमेरिकेत बायका-पुरुषांचं प्रमाण दोनास एक ते तीनास एक आहे. कॅनडातील संशोधकांनी १९३१ ते १९८० या काळात जन्मलेल्या रुग्णांची जन्मवर्षांनुसार मांडणी केली आणि २००६ मध्ये ती प्रसिद्ध केली. जन्मवर्ष जितकं अलीकडचं तितकं बायकांचं पारडं जड होत गेलं, आणि शेवटच्या गटात ते तीनास एकच्या पुढे गेलं.

पन्नास वर्षांत माणसाची जनुकं बदलत नाहीत. त्यामुळे या वाढीचा मोठा भाग बदललेल्या जगण्यातून आला असणार. काही भाग निदान सुधारल्यामुळेही असेल, पण तेवढ्याने सगळं स्पष्ट होत नाही. निदान सुधारलं तर ते दोघांचंही सुधारायला हवं.

एकूण प्रमाणाच्या पोटात डोकावलं की आणखी बारकावे दिसतात. वयात येण्याआधीच्या क्वचित रुग्णांत मुली आणि मुलं जवळपास सारखीच असतात. मुली वयात आल्यावर दरी रुंदावते. झटक्यांच्या प्रकारात बायका जास्त, पण सुरुवातीपासूनच हळूहळू बळावत जाणाऱ्या प्रकारात, जो बहुधा चाळिशीनंतर दिसतो, दोघांचं प्रमाण जवळजवळ समान. आजार झाल्यावर पुरुषांमध्ये अपंगत्व तुलनेने लवकर साचतं. थोडक्यात, आजार बायकांना जास्त गाठतो आणि पुरुषांना जास्त लवकर वाकवतो. ‘बायकांचा आजार’ असा शिक्का मारला की पुरुष रुग्ण मागे पडतो, हे म्हणूनच लक्षात ठेवायला हवं.

शरीराचा वाटा

संप्रेरकांची भूमिका सर्वांत स्पष्ट दिसते ती गरोदरपणात. पूर्वी एमएस असलेल्या बाईला मूल होऊ देऊ नका, असा सल्ला सर्रास दिला जाई. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील १२ देशांच्या अभ्यासाने तो मोडीत काढला. २५४ बायकांच्या २६९ गर्भारपणांचा मागोवा घेतल्यावर दिसलं की शेवटच्या तीन महिन्यांत झटक्यांचं प्रमाण खूप खाली येतं, बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते उसळतं आणि नंतर पूर्वपदावर येतं. नऊ महिने परक्या जनुकांचा गर्भ सांभाळताना आईची प्रतिकारशक्ती मवाळ होते, आणि त्या मवाळपणाचा फायदा मायेलिनलाही मिळतो.

यावरून औषध शोधण्याचेही प्रयत्न झाले. गरोदरपणात वाढणारं एस्ट्रिऑल हे संप्रेरक नेहमीच्या औषधासोबत देऊन अमेरिकेत १६४ बायकांवर चाचणी झाली. २०१६ मध्ये आलेले तिचे निष्कर्ष आशादायक होते, पण उपचार म्हणून ते अजून रुळलेलं नाही. पुरुषांत टेस्टोस्टेरॉनचा लेप वापरून २००७ मध्ये १० जणांवर छोटा प्रयोग झाला. टेस्टोस्टेरॉन मज्जासंस्थेला काहीसं संरक्षण देत असावं, अशी शक्यता त्यातून पुढे आली. इतक्या थोड्या लोकांवरून ठोस निष्कर्ष निघत नाही.

पण संप्रेरकांवरच सगळं थांबत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात लैंगिक ग्रंथी आणि गुणसूत्रं यांचा परिणाम वेगवेगळा मोजण्यात आला. ग्रंथी कुठल्याही असोत, दोन एक्स गुणसूत्रं असलेल्या उंदरांत एमएससारखा आजार अधिक तीव्र होत होता. बाईच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स असतात आणि त्यांतलं एक बहुतांशी निष्क्रिय केलं जातं. हे काम करणारा रेणू आणि त्याला चिकटलेली प्रथिनं स्वतःच प्रतिकारशक्तीला डिवचू शकतात, असं २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने दाखवलं. ते काम ल्युपससारख्या आजारांच्या संदर्भातलं होतं. तरी स्वतःवर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीचे बरेच आजार बायकांत जास्त का, या जुन्या कोड्याचा एक धागा त्यातून हाती आला.

जगण्याचा वाटा

२०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक तरुणांच्या साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून निष्कर्ष निघाला, की एप्स्टाइन-बार या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका सुमारे ३२ पटींनी वाढतो. हा विषाणू जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी भेटतो. प्रश्न कधी भेटतो हा आहे. भारतात तो बहुधा लहानपणीच गाठतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. श्रीमंत देशांत तो अनेकदा किशोरवयात येतो आणि ताप, सुजलेल्या गाठी असं दणदणीत दुखणं देतो. असं दुखणं होऊन गेलेल्यांत एमएसचा धोका अधिक असतो. मात्र विषाणू दोघांनाही भेटतो, आणि त्या एकट्यावरून स्त्री-पुरुष फरक उलगडत नाही.

किशोरवयातला लठ्ठपणा दुसरा घटक. अमेरिकी परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात अठराव्या वर्षी लठ्ठ असलेल्यांना एमएसचा धोका सुमारे दुप्पट आढळला. तिसरा धूम्रपान. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकात बायकांचं धूम्रपान वाढलं आणि वाढत्या प्रमाणामागचं ते एक कारण मानलं जातं. चौथा घटक बाळंतपणांचा. ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात जास्त मुलं झालेल्या बायकांत एमएसचा पहिला झटका कमी प्रमाणात दिसला. म्हणजे मुलं कमी आणि उशिरा होऊ लागली तसं बायकांना मिळणारं गर्भारपणाचं कवचही कमी झालं असावं. पाचवा ड जीवनसत्त्व आणि ऊन. विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसा एमएस वाढतो, हे निरीक्षण जुनं आहे.

ही यादी गोंदियाला लावून पाहिली तर ती जशीच्या तशी बसत नाही. गोंदिया हे विड्यांचं गाव, आसपासच्या जंगलातून तेंदूपत्ता येतो. पण विडी वळतात बायका आणि ओढतात मुख्यतः पुरुष. लठ्ठपणा शहरी मुलींत वाढतो आहे, तरी धानाच्या शेतात राबणाऱ्या मुलीचा तो प्रश्न नाही. साडेएकवीस अंश अक्षांशावर उन्हाला तोटा नाही. पश्चिमेतली वाढ ज्या कारणांनी समजावली जाते, त्यांतली बरीच कारणं इथल्या बाईच्या वाट्याला अजून आलेली नाहीत. आलेलं आहे ते एकच: मुलांची संख्या इथेही घटली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ वर उतरला होता.

स्थलांतर आणि पारशी समाज

शरीर आणि जगणं यांतला वाटा वेगळा काढायचा तर स्थलांतर हा निसर्गानेच केलेला प्रयोग. १९९० मध्ये ब्रिटनमधून एक महत्त्वाचा अभ्यास आला. भारतीय उपखंडातून गेलेल्या पहिल्या पिढीत एमएस कमी होता. पण तिथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांत तो स्थानिकांच्या जवळ जाऊ लागला. वंश तोच, गाव बदललं आणि धोका बदलला. लंडन किंवा लेस्टरमध्ये वाढणाऱ्या मराठी घरांतल्या मुलींनाही हे लागू पडतं.

उलट दिशेचा पुरावा मुंबई-पुण्यातला आहे. १९८०च्या दशकात देशातल्या सर्वसाधारण लोकांत एमएस दर लाखी एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी धरला जाई. तेव्हा पारशी समाजात तो दर लाखी वीसच्या वर आढळला. जे. जे. रुग्णालयात मज्जाविकार विभाग उभा करणारे डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये मुंबई-पुण्याच्या पारशांसाठी दर लाखी २६ हा आकडा दिला. गाव तेच, हवा तीच, ऊनही तेच. वेगळा होता तो वंश आणि आपसातच लग्न करण्याची रीत. दोन्ही पुरावे एकत्र ठेवले की निष्कर्ष स्वच्छ निघतो: धोका जनुकांत पेरलेला असतो आणि उगवतो तो परिस्थितीत.

बाकीच्या भारताचे आकडेही पुढे बदलले. मंगळूर शहरात डॉ. लेखा पंडित यांच्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत एमएस दर लाखी सुमारे आठ निघाला. हा वाढलेला आकडा मुख्यतः एमआरआय आणि मज्जाविकारतज्ज्ञ वाढल्याचा परिणाम. भारतीय रुग्णमालिकांतलं स्त्री-पुरुष प्रमाणही त्यासोबत सरकलं. जुन्या काही मालिकांत ते बरोबरीच्या आसपास होतं. अलीकडच्या मालिकांत बायका स्पष्टपणे जास्त आहेत.

मंगळूरचा दर गोंदियाला लावून पाहिला, तर १३ लाखांच्या जिल्ह्यात शंभराच्या आसपास रुग्ण असायला हवेत. दोनास एक प्रमाण धरलं तर त्यांत सत्तरेक बायका. हा केवळ गुणाकार आहे, मोजणी नव्हे. पण आशाताई किंवा तालुक्याचे डॉक्टर यांच्या नजरेला हा आजार कधी ना कधी पडणार, एवढं सांगायला तो पुरेसा आहे.

लाखोळीचं उलटं प्रमाण

पूर्व विदर्भाला मज्जासंस्थेच्या आजारातला लिंगभेद नवा नाही. फक्त इथे ठाऊक असलेलं प्रमाण उलटं आहे. धान कापणीला येण्याआधी बांधीच्या ओलीत लाखोळी फेकायची, हे उतेरा पीक भंडारा-गोंदियात पिढ्यान्‌पिढ्या घेतलं जातं. पाणी नको, खत नको, दुष्काळातही हाती लागणारी डाळ. पण महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून तीच खाल्ली तर पाय कायमचे ताठरतात. हा लॅथिरिझम. बीमधलं कारणीभूत विषद्रव्य १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी वेगळं काढलं. या आजारात सापडतात ते मुख्यतः तरुण पुरुष. बहुतेक पाहण्यांत त्यांचं प्रमाण बायकांच्या कितीतरी पट आणि अपंगत्वही जास्त.

इथेही तेच तीन प्रश्न उभे राहतात. स्त्री-संप्रेरकांचं काही संरक्षण असावं, असा एक तर्क आहे. दुसरं कारण ताटातलं: मध्य भारतात सालदार मजुरांना मजुरी म्हणून ही डाळ दिली जाई आणि अंगमेहनत करणारा गडी ती जास्त खाई. तिसरं कारण, पाय गेलेल्या कर्त्या पुरुषाची नोंद होते. घरात भिंत धरून चालणाऱ्या बाईची होतेच असं नाही.

१९६१ मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्राने ती २००८ मध्ये उठवली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत पाहणी करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले, तेव्हा खाण्यातलं डाळीचं प्रमाण थोडं होतं आणि आजार जवळपास नाहीसा झाला होता. ताट बदललं आणि पुरुषांचा हा आजार मागे पडला. एमएसमध्ये असा एका घासावर बोट ठेवता येत नाही. तरीही एमएसचे आकडे वाचताना लाखोळीचा हा अनुभव हाताशी असावा: प्रमाण एका बाजूला झुकलं म्हणून कारण शरीरातच आहे, असं ठरत नाही.

एकसारखे दिसणारे तीन आजार

प्रमाणाचा घोळ निदानातही होतो. डोळ्याची नस आणि मज्जारज्जू यांवर हल्ला करणारा दुसरा एक आजार आहे: न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. तो बराच काळ एमएसचाच प्रकार मानला गेला. २००४ मध्ये त्याची ओळख पटवणारं प्रतिपिंड रक्तात सापडलं आणि तो वेगळा ठरला. हे प्रतिपिंड असलेल्या रुग्णांत बायकांचं प्रमाण नवास एक इतकं जाऊ शकतं. मॉग नावाच्या प्रतिपिंडाशी जोडलेला तिसरा आजार बायका-पुरुषांत जवळपास सारखा आढळतो.

म्हणजे वरून सारख्याच दिसणाऱ्या तीन आजारांत स्त्री-पुरुष प्रमाण तीन तऱ्हांचं आहे. जुन्या यादीत हे तिघे एकत्र असतील तर तिच्यातलं प्रमाण कशाचंच नसतं. भारतासाठी हे महत्त्वाचं, कारण आपल्याकडे एमएसच्या तुलनेत न्यूरोमायलायटिसचा वाटा पाश्चात्त्य देशांहून मोठा आहे. रुग्णासाठी तर ते जिवाचं आहे: एमएसवर दिलं जाणारं इंटरफेरॉन न्यूरोमायलायटिसमध्ये त्रास वाढवू शकतं. याखेरीज मणक्याचा क्षय आणि बी-१२ ची कमतरता हे आपल्या भागातले दोन नेहमीचे चकवे आधी तपासून बाजूला काढावे लागतात.

रजिस्टरमध्ये न चढलेली नावं

आता तिसरा प्रश्न. दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ या एका वर्षात बाह्यरुग्ण विभागातल्या २३ लाखांहून अधिक भेटींचं विश्लेषण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दर एका बाईमागे १.६९ पुरुष आले होते. दिल्लीतल्याच रहिवाशांत हे प्रमाण १.४१ होतं आणि बिहारमधून येणाऱ्यांत २.३७. अंतर वाढलं की यादीतून बाई गळते. तिला तिकीट, सोबत, घरी स्वयंपाकाची सोय आणि कुणाची तरी परवानगी, असं सगळं जुळावं लागतं.

गोंदियाला २०१६ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, ही मोठी सोय. तरीही मज्जाविकाराचं पक्कं निदान, पाठीच्या पाण्याची तपासणी, प्रतिपिंडांच्या चाचण्या आणि वर्षानुवर्षांचा पाठपुरावा यांसाठी इथला माणूस बहुधा नागपूरची किंवा रायपूरची गाडी धरतो. रेल्वे जंक्शनचं गाव असल्याने शहरवासीयाला ते जमतं. सालेकसा, देवरी किंवा अर्जुनी मोरगावच्या आतल्या गावातून निघणाऱ्या बाईचा गोंदियापर्यंतचाच अर्धा दिवस जातो.

त्याआधीही तिची लक्षणं वाटेत दुसऱ्या नावांनी अडतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं पाचवी कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. त्यामुळे थकवा आणि मुंग्या म्हटलं की लोहाच्या गोळ्या मिळतात, आणि दहांपैकी नऊ वेळा ते बरोबरही असतं. दहाव्या वेळी चुकतं. झटका आपोआप ओसरला की गोळ्यांचा, देवाचा किंवा मांत्रिकाचा गुण आला, असं वाटून विषय संपतो. बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत पाय जड पडले तर ‘वात आला’ म्हणून शेक-मालिश होते. एमएस उसळण्याचा काळ नेमका तोच.

उष्णतेचा प्रश्न त्यात भर घालतो. शरीराचं तापमान वाढलं की एमएसची जुनी लक्षणं तात्पुरती वर येतात, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म ऊटहोफ यांनी १८९० मध्ये नोंदवलं. एमआरआय येण्याआधी तर रुग्णाला गरम पाण्यात बसवून निदानाचा अंदाज घेत. गोंदियाचा मे महिना पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर नेतो, आणि जुलैतली रोवणी दिवसभर मान-कंबर वाकवून चिखलात करायची असते. उन्हात नजर अंधारणं, वाकल्यावर पाठीत करंट उतरणं, दुपारनंतर पाय न उचलणं या तक्रारी रोवणीच्या बायकांत इतक्या सवयीच्या वाटतात की त्यांतली खरी आजाराची तक्रार वेगळी ऐकू येत नाही.

हे सगळं एका दिशेने जातं. आपल्या भागातल्या एखाद्या रुग्णालयात एमएसचं स्त्री-पुरुष प्रमाण बरोबरीचं दिसलं, तर ‘इथे बायकांना जास्त धोका नाही’ असा अर्थ काढणं घाईचं ठरेल. धोका दुप्पट आणि पोचणं निम्मं असलं तरी बेरीज बरोबरीचीच दिसते.

निदानानंतर

उपचाराची बाजू गेल्या वीस वर्षांत पुष्कळ बदलली आहे. झटक्यासाठी तीन ते पाच दिवस शिरेतून स्टेरॉइड आणि पुढे झटके कमी करणारी दीर्घकालीन औषधं, असा क्रम असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी क्लॅड्रिबीन, ग्लॅटिरामर आणि रिटुक्सिमॅब ही तीन औषधं प्रथमच घेतली. रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ पासून बाजारात आहे आणि इथल्या अनेक रुग्णांचा आधार तीच आहे. हे औषध सुरू करण्याआधी क्षय आणि कावीळ-बी यांची तपासणी लागते.

बाईच्या बाबतीत औषध निवडताना आणखी एक हिशोब असतो: मूल हवं आहे का, आणि कधी. फिंगोलिमोड, टेरिफ्लुनोमाइड यांसारखी औषधं गरोदरपणात चालत नाहीत. ग्लॅटिरामर तुलनेने सुरक्षित मानलं जातं. म्हणून लग्नाच्या, मुलाच्या बेताबद्दल डॉक्टरांशी आधीच मोकळं बोलायला हवं. एमएस असला तरी बाई आई होऊ शकते आणि स्तनपानही करू शकते. आजार सरळ आईकडून मुलीकडे जातो, हाही गैरसमज. जवळच्या नात्यात धोका थोडा वाढतो, पण बहुसंख्य मुलांना तो कधीच होत नाही.

घरचा हिशोब मात्र वेगळा असतो. अमेरिकेत २००९ मध्ये मेंदूतील गाठी, इतर कर्करोग आणि एमएस यांच्या ५१५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बायको आजारी असलेल्या जोडप्यांत २०.८ टक्के वेगळे झाले; नवरा आजारी असलेल्यांत २.९ टक्के. तो देश आणि ती माणसं वेगळी, पण सुनेला ‘बरी होईपर्यंत’ माहेरी धाडण्याची रीत आपल्याला परकी नाही. पुरुष रुग्णाची अडचण दुसरी: लैंगिक अडचण आणि थकवा तो सांगतच नाही, आणि बाहेरगावी मजुरीला असताना पाय लटपटला की दारूचा संशय पहिला येतो.

कायद्याचा आधार आहे. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, आणि गोंदियाला जवळून ठाऊक असलेला सिकलसेलही आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं तर सवलती लागू होतात. अडचण अशी, की एमएसचं दिव्यांगत्व चढ-उताराचं असतं. तपासणीच्या दिवशी बाई चालत आली तर तिचा त्रास कागदावर उतरत नाही. मुंबईत १९८५ मध्ये स्थापन झालेली मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया रुग्णांना माहिती आणि आधार देते. पूर्व विदर्भातल्या रुग्णापर्यंत तो बहुधा फोनवरूनच पोचू शकतो.

काय करता येईल

एमएसमधला लिंगभेद खरा आहे. दोन एक्स गुणसूत्रं आणि संप्रेरकं त्याचा पाया घालतात. विषाणू, धूर, वजन आणि बाळंतपणांचा बदललेला क्रम त्यावर मजले चढवतात. गोंदियात मात्र या आजाराचा निकाल बऱ्याचदा बाई दवाखान्यापर्यंत पोचते की नाही यावरच लागतो. शरीर बदलता येत नाही आणि जगणं हळूहळूच बदलतं. दवाखान्याचा रस्ता मात्र आजपासून सुधारता येतो. सिकलसेलसाठी गावोगाव तपासणी उभी राहिली, तेव्हा न दिसणारा आजार दिसू लागला. एमएससाठी घरोघरी तपासणीची गरज नाही. पंधरा ते पन्नास वयातल्या बाईची किंवा पुरुषाची एका डोळ्याची नजर अचानक अंधारली, किंवा कमरेखाली बधिरपणा-जडपणा आला आणि तो चोवीस तासांहून अधिक टिकला, तर झटका ओसरण्याची वाट न पाहता वैद्यकीय महाविद्यालयाकडे चिठ्ठी द्यायची, एवढा एक नियम आशाताई आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनी पाळावा. बाळंतिणीच्या घरभेटीत पायांची ताकद आणि नजर यांबद्दल दोन प्रश्न जास्तीचे विचारावेत. आणि वाचकांनी आपल्या घरातली बाई ‘पाय जड झालेत’ म्हणाली, तर तिला आधी लोहाची गोळी द्यावी, पण तेवढ्यावर थांबू नये. तिच्यासोबत गाडीत बसावं.